मॅक्रो एकदा बरोबर, एकदा उलटा: लर्निंग रिमोटचं नेमकं काय बिनसतं?

गुंतावळ

नमस्कार मंडळी. लर्निंग रिमोटवर (मूळ रिमोटचे कोड शिकून घेणारा रिमोट) एक मॅक्रो (एका बटणावर बसवलेली आज्ञांची मालिका) बसवलाय. त्यात एव्ही रिसीव्हर (स्पीकर आणि बाकी यंत्रं ज्याला जोडतात तो ॲम्प्लिफायर) दहापैकी सहा वेळा बरोबर लागतो आणि चार वेळा घोळ घालतो. मांडणी अशी आहे:

५५ इंची टीव्ही, ७.२ चॅनेलचा एव्ही रिसीव्हर, ब्ल्यू-रे प्लेअर आणि डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स. ब्ल्यू-रे रिसीव्हरला जोडलाय. रिसीव्हरचं एचडीएमआय आउट टीव्हीच्या एचडीएमआय २ ला, म्हणजे जिथे एआरसी लिहिलंय तिथे (त्या वाटेने टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे येतो). सेट-टॉप बॉक्स मात्र थेट टीव्हीच्या एचडीएमआय १ ला, कारण सकाळच्या बातम्या आणि आईच्या मालिका यांना रिसीव्हर लागत नाही. रिमोट साधा आयआर (इन्फ्रारेड), मूळ रिमोटसमोर धरून शिकवायचा. हब वगैरे काही नाही. एका बटणावर २० पायऱ्या बसतात, डिले अर्ध्या सेकंदाच्या पटीत देता येतो.

'सिनेमा' बटणावरचा मॅक्रो:

टीव्ही पॉवर – १ सेकंद – रिसीव्हर पॉवर – २ सेकंद – ब्ल्यू-रे पॉवर – २ सेकंद – रिसीव्हर इनपुट बीडी (ब्ल्यू-रे) – टीव्ही सोर्स – खाली – खाली – ओके

तक्रारी तीन. एक, रिसीव्हर कधी कधी लागून लगेच बंद होतो. दोन, टीव्हीची सोर्स यादी दोन घरं उतरायला हवी ती एकच उतरते, आणि ही चूक बहुतेक दर वेळी होते. तीन, लाईट जाऊन आली की सेट-टॉप बॉक्सचं ऑन-ऑफ उलटं होतं (तो दुसऱ्या मॅक्रोत आहे).

सगळी बटणं एकेक करून दाबली तर बिनचूक चालतात. सेल नवे घातलेत, सगळे कोड पुन्हा शिकवून झालेत. कधी कधी सकाळी नुसता टीव्ही लावला तरी रिसीव्हर जागा होतो, पण त्याचा मॅक्रोशी संबंध असेल असं वाटत नाही.

डिले वाढवत बसू की रिमोटच बदलू?

रिले_क्लिक

रिमोट बदलू नका. तुमचं शेवटून दुसरं वाक्य, जे तुम्ही सहज लिहून टाकलंय, तेच पहिल्या तक्रारीचं उत्तर आहे.

सकाळी टीव्ही लावल्यावर रिसीव्हर आपोआप जागा होतो, म्हणजे सीईसी (एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना आज्ञा देतात ती सोय) चालू आहे. एचडीएमआय केबलमध्ये १३ नंबरची पिन सीईसीची. तिच्यावरून टीव्ही रिसीव्हरला 'आवाज आता तुझ्याकडे, उठ' असं सांगतो. टीव्ही कंपन्या मेनूत याला आपापलं नाव देतात (ॲनीनेट प्लस, ब्राव्हिया सिंक, सिंपलिंक), त्यामुळे सीईसी नावाने शोधलं तर सापडत नाही.

आता मॅक्रोत काय होतं ते बघा. पहिल्या पायरीला टीव्ही उठतो. एका सेकंदाने तुमचा रिमोट रिसीव्हरला पॉवर पाठवतो. त्याच सुमारास टीव्हीही केबलवरून रिसीव्हरला उठवत असतो. रिमोटचा सिग्नल आधी पोचला तर रिसीव्हर चालू होतो, मागून आलेलं 'उठ' त्याला लागू पडत नाही, सगळं छान. सीईसी आधी पोचलं तर रिसीव्हर उठलेला असतो, आणि मग तुमचं पॉवर बटण त्याला झोपवतं. पॉवर बटण म्हणजे काही 'चालू कर' नव्हे. ते म्हणतं 'जे आहेस त्याच्या उलट हो'.

ही शर्यत दर वेळी वेगळी सुटते, कारण टीव्ही किती गाढ झोपलाय यावर त्याचा उठायचा वेळ ठरतो. बंद करून दहा मिनिटंच झाली असतील तर टीव्ही चटकन जागा होतो आणि सीईसी जिंकतं. रात्रभर बंद असेल तर त्याला बूट व्हायला वेळ लागतो आणि रिमोट जिंकतो. हे बरोबर असेल तर तुमच्याकडे दिवसातला पहिला प्रयत्न सहसा यशस्वी होत असणार, आणि बिघाड थोड्या वेळापूर्वी बंद केलेलं पुन्हा लावताना होत असणार. तपासून सांगा.

खात्री करायची सोपी रीत: सगळं बंद करा, टीव्हीच्या मूळ रिमोटने फक्त टीव्ही लावा, रिसीव्हरकडे बघत बसा. कोणी हात न लावता तो उठला तर दुसरा पुरावा नको. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'टीव्ही स्पीकर'वर असेल तर तो उठणार नाही, 'ऑडिओ सिस्टिम'वर असेल तर उठेल. सिनेमा बघून झाल्यावर ते दुसऱ्या पर्यायावरच राहतं, म्हणून सकाळचा प्रकार 'कधी कधी'च होतो.

नियम एकच: एका यंत्राच्या पॉवरला दोन मालक नकोत. एक तर सीईसीने उठवू द्या आणि मॅक्रोतून रिसीव्हर पॉवर काढून टाका, नाहीतर रिसीव्हरच्या मेनूत जाऊन पॉवरची जोडणी बंद करा. बऱ्याच रिसीव्हरमध्ये 'एचडीएमआय कंट्रोल' आणि पॉवर किंवा स्टँडबाय लिंक ही दोन सेटिंगं वेगळी असतात. फक्त दुसरं बंद करा. अख्खं एचडीएमआय कंट्रोल बंद केलंत तर बहुतेक संचांत एआरसीही जाईल आणि टीव्हीचा आवाज रिसीव्हरवर येणं थांबेल.

डिले वाढवणं हा इथे उपाय नाही. एकचे तीन सेकंद केलेत तर सीईसीला जिंकायला उलट जास्त वाव मिळेल.

शोकेसवाला

रिले_क्लिक यांना +१. तरी हाताशी असलेल्या गोष्टी आधी तपासा, फुकट आहेत.

मॅक्रो सुमारे आठ सेकंद चालतो. हातात धरायचा रिमोट तेवढा वेळ यंत्रांकडे रोखून धरावा लागतो. बटण दाबलं आणि रिमोट सोफ्यावर टाकला की पुढच्या पायऱ्या उशीला ऐकू जातात. घरातल्या दुसऱ्या कोणी वापरला की हमखास हेच होतं.

कोणती पायरी चुकते त्याची नोंद ठेवा. नेहमी शेवटच्याच पायऱ्या गळत असतील तर रिमोट खाली जातोय किंवा सेल दमलेत. आयआर एलईडी चालताना क्षणभर बराच करंट ओढते, अर्धवट सेलचा व्होल्टेज तेव्हा पडतो. एकच पायरी कायम गळत असेल तर तो कोड किंवा त्याच्या आधीचा डिले चुकलाय. पायरी कुठलीही गळत असेल तर समोरचा अडथळा किंवा प्रकाश बघा. टिंटेड काचेचं शोकेस असेल तर दार उघडून दहा वेळा चालवा. खिडकीतलं थेट ऊन रिसीव्हरच्या आयआर खिडकीवर पडत असेल तर पडदा ओढून बघा.

एलईडी पेटते की नाही ते मोबाईलच्या कॅमेऱ्यात कळतं, पेटली तर जांभळट पांढरी दिसते. मागचा कॅमेरा काही फोनमध्ये आयआर गाळतो, पुढच्या कॅमेऱ्याने बघा.

छत्तीस_किलोहर्ट्झ

दुसऱ्या तक्रारीबद्दल. 'खाली – खाली' मध्ये एकच घर उतरतं, आणि बहुतेक दर वेळी. हे वाचल्यावर माझा संशय टॉगल बिटवर जातो.

आरसी-५ आणि आरसी-६ हे मूळचे फिलिप्सचे प्रोटोकॉल (रिमोटच्या सांकेतिक भाषा), पण इतरही अनेक टीव्ही आणि बॉक्स ते वापरतात. आरसी-५ च्या चौकटीत (म्हणजे एका संदेशात) १४ बिट असतात: सुरुवातीचे दोन, मग एक टॉगल बिट, मग ५ बिट पत्त्याचे आणि ६ बिट आज्ञेचे. मूळ रिमोटवर एखादं बटण दाबून सोडलं आणि पुन्हा दाबलं की हे टॉगल बिट पालटतं. त्यावरून टीव्हीला कळतं की बटण दाबून धरलेलं नाही, नव्याने दाबलंय.

लर्निंग रिमोट मात्र शिकवताना जे ऐकलं तेच गोठवून ठेवतो. टॉगल बिटसकट. मॅक्रोत 'खाली' दोनदा पाठवलं की टीव्हीला दोन्ही वेळा तेच बिट दिसतं आणि तो समजतो की एकच बटण दाबून धरलंय. म्हणून दुसरं 'खाली' गिळलं जातं. काही टीव्ही मध्ये अर्धा-एक सेकंद गेला की नवं दाबणं धरतात, काही वेळ बघतच नाहीत. एकेक बटण दाबून तपासताना हा दोष दिसत नाही, कारण तुम्ही खाली, मग ओके, मग दुसरं काहीतरी असं दाबता. आज्ञा बदलली की टॉगल बिट तेच असलं तरी चालतं.

तपासणी: तुमच्या लर्निंग रिमोटवरचं 'खाली' बटण दोन-दोन सेकंदांच्या अंतराने पाच वेळा दाबा. मग मूळ रिमोटवरचं तसंच पाच वेळा दाबा. मूळ पाच घरं उतरतो आणि तुमचा एक-दोन, असं झालं तर टॉगल बिटच.

उपाय तीन आहेत, सोप्याकडून अवघडाकडे.

रिमोटमध्ये त्या टीव्हीचा तयार कोड-संच असेल तर तोच घ्या, शिकवू नका. तयार संचात रिमोट टॉगल बिट स्वतः पालटतो.

तसं नसेल तर 'खाली' दोन वेगळ्या बटणांवर दोनदा शिकवा, खाली-अ आणि खाली-ब. मूळ रिमोटवर एकदा दाबून अ शिकवा आणि लगेच पुढच्याच दाबण्याला ब शिकवा. मध्ये चुकून एक जास्तीचं दाबणं झालं तर बिट फिरून पुन्हा अ सारखंच होईल, म्हणून मोजून दाबा. मॅक्रोत मग अ, ब, अ, ब असं आलटून पालटून.

किंवा दोन 'खाली'च्या मध्ये एखादं निरुपद्रवी बटण घाला, ज्याने त्या मेनूत काहीच होत नाही. रंगीत बटणांपैकी एखादं बहुतेक चालतं.

तिन्हीपेक्षा बरं म्हणजे सोर्स यादीतून उतरणंच टाळा. त्यावर पुढे लिहितो.

शिकवण्यातल्या आणखी दोन चुका इथेच सांगतो. मूळ रिमोटचं बटण फार वेळ दाबून धरलं तर पुनरावृत्तीही पकडली जाते. पॉवरच्या कोडमध्ये मध्ये मोकळी जागा असलेल्या दोन पूर्ण चौकटी पकडल्या गेल्या तर एका दाबण्यात ऑन आणि लगेच ऑफ. तुमच्या रिसीव्हरला सीईसी बंद केल्यावरही हे झालं तर कोड हलक्या हाताने पुन्हा शिकवा. याच्या उलट सोनीचा एसआयआरसी प्रोटोकॉल: तिथे तीच चौकट ४५ मिलिसेकंदांच्या अंतराने किमान तीन वेळा जावी लागते. एकच पकडली गेली तर यंत्र ढिम्म हलत नाही आणि माणूस रिमोटला दोष देतो.

गुंतावळ

दोघांचेही अंदाज बरोबर निघाले.

टीव्ही मूळ रिमोटने लावला, रिसीव्हर चार सेकंदांनी आपोआप उठला. आवाज 'ऑडिओ सिस्टिम'वरच होता. बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा लावला तर एका सेकंदाच्या आत उठला. पहिला प्रयत्न सहसा यशस्वी होतो हेही खरं, यापूर्वी लक्षात आलं नव्हतं. रिसीव्हरच्या मेनूत स्टँडबायची जोडणी वेगळी होती, ती बंद केली. एआरसी चालू राहिला. त्यानंतर १२ वेळा मॅक्रो चालवला, रिसीव्हर एकदाही बंद पडला नाही.

'खाली' पाच वेळा: मूळ रिमोटने पाच घरं, माझ्याने एक. खाली-अ आणि खाली-ब शिकवल्यावर दोन घरं बरोबर उतरतो.

आता नवीन दोन गोष्टी. १२ पैकी दोन वेळा रिसीव्हर बीडी इनपुटवर गेलाच नाही, आधीच्याच इनपुटवर राहिला. आणि 'झोप' नावाचा बंद करायचा मॅक्रो: कोणी आधीच टीव्ही हाताने बंद केला असेल तर तो मॅक्रो टीव्ही चालू करून जातो.

रिले_क्लिक

इनपुटचं प्रकरण आता डिलेचं आहे. इथे वाढवा, पण अंदाजाने नको, मोजून.

रिसीव्हरचा रिले 'टक्' वाजला म्हणजे तो तयार झाला असं नाही. त्यानंतर तो बूट होतो, एचडीएमआयची ओळखपरेड होते, तोवर आयआर ऐकत नाही. पॉवर दाबा, स्टॉपवॉच चालू करा, आणि दर सेकंदाला एकदा बीडी सोडून दुसऱ्या इनपुटचं बटण दाबत राहा. ज्या सेकंदाला तो पहिल्यांदा मानतो तो आकडा लिहा. हे तीनदा करा: नुकताच बंद केलेला असताना, सकाळी पहिल्यांदा, आणि प्लग काढून पुन्हा लावल्यावर. तिघांतला मोठा आकडा घ्या, त्याची दीडपट करा. पाच सेकंद निघाले तर मॅक्रोत साडेसात. तुमचे सध्याचे पॉवर ते इनपुट चार सेकंद होतात, त्यात तो कधी बसतो कधी नाही.

एकूण मॅक्रो लांबतोय असं वाटलं तर क्रम बदला. सगळ्यांना आधी उठवून घ्या, सगळ्यांचं बूट होणं एकाच वेळी चालू द्या, मोठा डिले एकदाच द्या आणि मग इनपुटं लावा. प्रत्येक यंत्राला उठवून त्याच्याजवळ ताटकळत बसायचं कारण नाही. ज्यांच्याकडे प्रोजेक्टर आहे त्यांनी तो सगळ्यात आधी उठवावा, तो सगळ्यात आळशी. बंद करताना दिव्याच्या प्रोजेक्टरला पॉवर सहसा दोनदा लागतं, दुसरं 'खात्री आहे का' विचारल्यावर, ते पडद्यावर दिसतंय तेवढ्या वेळात. नंतर पंखा फिरत असतो तोवर तो ऑन ऐकत नाही. तेव्हा घाईने मेन स्विच बंद करू नका, दिवा जातो.

लॉजिटेकने २०२१ साली हार्मनी रिमोट बनवणं थांबवलं. त्यात हे डिले चार वेगवेगळे होते: ऑन झाल्यावर थांबायचा, इनपुट बदलल्यावर थांबायचा, एकाच यंत्राच्या दोन बटणांमधला आणि दोन यंत्रांमधला. ज्यांच्याकडे साधा मॅक्रो रिमोट आहे त्यांनीही डोक्यात हेच चार कप्पे ठेवावेत. 'डिले वाढवा' हा सल्ला कुठला डिले ते सांगितल्याशिवाय निरुपयोगी.

'झोप' मॅक्रोचं दुखणं तुमच्या सेट-टॉप बॉक्ससारखंच आहे. रिमोटला परत उत्तर येत नाही, यंत्र चालू आहे की बंद हे त्याला माहीत नसतं. वीज गेली आणि आली की बरेचसे सेट-टॉप बॉक्स चालू होऊन बसतात, टीव्ही स्टँडबायला राहतो, आणि मॅक्रो मात्र 'सगळे बंद आहेत' असं धरून चालतो. इन्व्हर्टरवर टीव्ही आहे आणि बॉक्स नाही अशी वायरिंग असेल तर गोंधळ दुप्पट.

वेगळे ऑन आणि वेगळे ऑफ कोड असतील तर प्रश्नच मिटतो. नसतील तर ही युक्ती करा. बरीच यंत्रं पॉवरशिवाय आणखी एखाद्या बटणाने जागी होतात. टीव्ही चॅनेल अधिकने किंवा अंक दाबून, प्लेअर प्लेने, सेट-टॉप बॉक्स अंकाने. यंत्र आधीच चालू असेल तर त्या बटणाने फार काही बिघडत नाही. म्हणजे ते बटण हेच तुमचं खरं 'ऑन'. आणि बंद करायला: आधी ते जागं करणारं बटण, मग उठायला लागतो तेवढा डिले, मग पॉवर. यंत्र झोपलेलं असो वा जागं, शेवटी बंदच होणार. झोपलेल्याला उठवून झोपवायचं हे ऐकायला वेडगळ वाटतं, पण चालतं.

टिनपाट

एवढा खटाटोप कशाला? सगळ्यांचं सीईसी चालू ठेवा, मॅक्रो काढून टाका. ब्ल्यू-रे लावला की टीव्ही, रिसीव्हर सगळे आपोआप उठतात आणि इनपुटही लागतं.

रिले_क्लिक

सगळं एकाच कंपनीचं असेल तर जरूर. वेगवेगळ्या कंपन्यांचं असेल तर सीईसीतले कोणते संदेश कोण पाळेल याची हमी नसते. आणि धागाकर्त्यांच्या घरी सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला आहे. सकाळी बातम्या लावल्या की रिसीव्हर उगाच उठणार. आईला ते नको आहे. त्यांच्या घरी मॅक्रोच बरा.

टिनपाट

बरं, मग निदान यंत्र चालू आहे का हे विचारणारी पद्धत घ्या. आयआर पाठवणारा वायफाय ब्लास्टर, वीज मोजणारा स्मार्ट प्लग आणि होम असिस्टंट (घरातली यंत्रं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर). टीव्हीचा प्लग १० वॉटच्या खाली दाखवत असेल तरच पॉवर पाठवायचं, वर असेल तर नाही. प्लगने वीज तोडायची नाही, फक्त मोजायची. उंबरठा किती ठेवायचा ते आपल्या यंत्राचे स्टँडबायचे आणि चालू असतानाचे आकडे एकदा बघून ठरवा. टीव्ही बंद केल्यावरही काही मिनिटं आतल्या आत काम करत असतो, वॉट लगेच पडत नाहीत, म्हणून आकडा १५-२० सेकंद स्थिर राहिला तरच खरा मानायचा.

रिसीव्हरला लॅन असेल तर त्याहून सोपं. डेनॉन आणि मरांट्झचे नेटवर्कवाले रिसीव्हर टेलनेटच्या (नेटवर्कवरून मजकुरात आज्ञा पाठवायची जुनी पद्धत) २३ नंबर पोर्टवर आज्ञा घेतात, 'चालू आहेस का' विचारलं तर उत्तरही देतात. ऑन आणि स्टँडबाय तिथे मुळातच वेगळे.

जाता जाता: 'सिनेमा' बटणात एसी घालणाऱ्यांना हा त्रास होत नाही, कारण बहुतेक एसीचा रिमोट दर दाबण्याला अख्खी स्थिती पाठवतो. चालू, कूल, २४ अंश, पंखा मध्यम, सगळं एकत्र. म्हणून एसीचा कोड पाचदा गेला तरी एसी तिथेच राहतो. टीव्ही बनवणाऱ्यांना हे का सुचलं नाही कोण जाणे. फक्त एसीचा कोड लांब असतो, स्वस्त लर्निंग रिमोटच्या मेमरीत तो अर्धवट पकडला जातो.

छत्तीस_किलोहर्ट्झ

वेगळ्या ऑन-ऑफ कोडबद्दल. मूळ रिमोटवर बटण नाही म्हणून कोड नाही असं समजू नका. पुष्कळ टीव्ही आणि रिसीव्हरच्या आत ते असतात, मोठ्या इन्स्टॉलेशनसाठी ठेवलेले. कधी कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तक्त्यात मिळतात, कधी रिमोटप्रेमींनी जमवलेल्या कोडसंग्रहात.

तिथे ते बहुधा प्रोंटो हेक्स स्वरूपात असतात, चार-चार आकड्यांचे गट. पहिला गट ०००० म्हणजे हा कच्चा, शिकलेला कोड. दुसरा गट वाहक वारंवारतेचा (कोड वाहून नेणारा प्रकाश सेकंदाला किती वेळा लुकलुकतो त्याचा): ००६डी असेल तर ३८ किलोहर्ट्झ, ००७३ असेल तर ३६, ००६७ असेल तर ४० च्या आसपास. या आकड्यावरून आपल्या यंत्राचा कोड आहे का याचा पहिला अंदाज येतो. मूळ रिमोट ३६ चा आणि सापडलेला कोड ४० चा असेल तर सोडून द्या.

एक इशारा. एनईसी प्रोटोकॉलमध्ये आज्ञा ८ बिटांची, म्हणजे एका पत्त्यावर २५६ शक्यता. सगळ्या पाठवून बघू असा मोह होतो. करू नका. त्यांतच सर्व्हिस मेनू आणि फॅक्टरी रीसेट असू शकतात, हॉटेल मोडही (हॉटेलातल्या टीव्हीसाठी सेटिंगं कुलूपबंद करणारा). रिसीव्हरचं स्पीकर कॅलिब्रेशन पुसलं गेलं तर एक सुट्टी पुन्हा मायक्रोफोन मांडण्यात जाईल.

आता अडचण अशी की धागाकर्त्यांच्या रिमोटमध्ये कोड टाइप करता येत नाही, फक्त शिकवता येतो. तर मग शिकवणारा तयार करा. ज्या फोनला वरच्या कडेला आयआर एलईडी असते (शाओमीच्या अनेक फोनना असते) त्यावर हेक्स पाठवणारं ॲप चालतं, तो फोन लर्निंग रिमोटसमोर धरायचा. तसा फोन नसेल तर ईएसपी ८२६६ चा बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा वायफाय बोर्ड), ९४० नॅनोमीटरची आयआर एलईडी आणि तिच्यासोबत २२० ओहमचा रेझिस्टर थेट पिनवर. खोलीभर पोचायला ट्रान्झिस्टर लागतो, पण पाच सेंटीमीटरवरून शिकवायला एवढं पुरतं. उलट फार जवळ धरलं तर शिकणारा सेन्सर भरून जातो आणि कोड फाटका पकडला जातो. मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर पाळा. शिकवताना वरचा ट्यूबलाईट बंद.

कोड वाचून बघायचा असेल तर त्याच बोर्डला टीएसओपी ३८२३८ (आयआर सिग्नल पकडणारा सेन्सर) लावा. घुमट आपल्याकडे करून डावीकडून आउटपुट, ग्राउंड, सप्लाय, सप्लाय ३.३ व्होल्ट. त्याने प्रोटोकॉल आणि टॉगल बिट दिसेल. मात्र हा सेन्सर वाहक लहर काढून टाकून फक्त आराखडा देतो, त्यामुळे मूळ कोड ३६ चा होता की ४० चा ते त्यातून कळत नाही. स्वस्त ब्लास्टर शिकताना ३८ च धरून चालतात तेही यामुळेच. मग ३६ वाला टीव्ही जवळून ऐकतो आणि सोफ्यावरून ऐकत नाही, आणि आपण सेल बदलत बसतो.

सोर्स यादीबद्दल राहिलं होतं. इनपुटचे थेट कोड मिळाले (एचडीएमआय १, एचडीएमआय २ असे) तर उत्तम. नाही मिळाले आणि यादी शेवटी थांबत असेल, गोल फिरत नसेल, तर आधी 'वर' पुरेशा वेळा पाठवून टोकाला जा, मग मोजून खाली या. आधी कुठे होतो याने फरक पडत नाही. यादी गोल फिरत असेल तर ही युक्ती बाद. तुमच्या टीव्हीत टॉगल बिट असल्यामुळे 'वर'सुद्धा अ-ब करून घ्यावं लागेल.

गुंतावळ

टीव्हीची यादी शेवटी थांबते. थेट इनपुटचे कोड मिळाले नाहीत. रिसीव्हरचा वेगळा ऑन आणि वेगळा ऑफ मिळाला, ऑफिसातल्या एकाच्या फोनवरून शिकवून घेतला. टीव्ही चॅनेल अधिकने उठतो, ब्ल्यू-रे प्लेने, सेट-टॉप बॉक्स अंकाने. रिसीव्हरचा सगळ्यात मोठा आकडा सहा सेकंद निघाला, प्लग काढून लावल्यावर.

आता 'सिनेमा' असा आहे:

टीव्ही चॅनेल अधिक – अर्धा – रिसीव्हर ऑन – अर्धा – ब्ल्यू-रे प्ले – ९ सेकंद – रिसीव्हर बीडी – १ – टीव्ही सोर्स – १ – वर-अ – वर-ब – वर-अ – वर-ब – खाली-अ – खाली-ब – ओके

यादीत पाचच घरं आहेत, म्हणून चार 'वर'. 'झोप'मध्ये टीव्ही चॅनेल अधिक – ५ सेकंद – टीव्ही पॉवर – रिसीव्हर ऑफ, आणि ब्ल्यू-रेला प्ले – ९ सेकंद – पॉवर. मुद्दाम वेगवेगळी यंत्रं आधी चालू-बंद ठेवून २० वेळा चालवलं. एकदाच चुकलं, तेव्हा मी रिमोट खाली घेतला होता.

शेवटचा प्रश्न: आवाज एका ठरावीक पातळीवर आणायचा आहे. 'आवाज कमी' ४० वेळा आणि मग 'आवाज जास्त' १५ वेळा असं केलं तर?

रिले_क्लिक

नको. पायऱ्या २० च्या वर जातील हे एक. दुसरं, 'कमी' गळाले आणि 'जास्त' पोचले तर रात्री अकराला सबवूफर शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत जाईल. रिसीव्हरच्या मेनूत 'ऑन होताना आवाज' असं सेटिंग बहुतेक सापडेल, तिथे आकडा घाला. त्याच पानावर कमाल आवाजाची मर्यादाही असते, तीही लावून टाका.

शोकेसवाला

'झोप'मध्ये ब्ल्यू-रेला प्ले पाठवताय, आत डिस्क असेल तर ती ९ सेकंद वाजेल. रिसीव्हर ऑफ त्याच्या आधी ठेवलाय ते बरोबर केलंत, क्रम बदलू नका.